रक्तांतील साखर : चढती आणि उतरती

"अमक्यास साखर झाली" हें वाक्य आतां खेड्यांतही इतकें सर्रास ऐकूं येतें कीं, त्याचा अर्थ विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. तरी तें वाक्य अर्धेंच खरें आहे. साखर कोणास नव्यानें होत नाहीं. ती प्रत्येकाच्या रक्तांत जन्मापासून असते, आणि ती नसेल तर मनुष्य फार वेळ जगणार नाहीं. बिघडतें तें तिचें प्रमाण. तें वर चढलें म्हणजे एक संकट, व खालीं उतरलें म्हणजे दुसरें. हीं दोन संकटें स्वभावानें इतकीं भिन्न आहेत कीं, एकावरील उपाय दुसऱ्यावर केला असतां रोग्याचा जीव जाऊं शकतो. पहिल्याची भीति आतां बहुतेकांस ठाऊक झाली आहे. दुसऱ्याविषयीं मात्र आमच्या खेड्यांतून फारच थोडी माहिती आहे असें आम्हांस दिसतें. म्हणून आजचा पाठ आम्ही दोहोंविषयीं लिहीत असलों, तरी अधिक शाई उतरत्या साखरेसाठीं खर्च करणार आहों.

प्रथम हें पाहूं कीं, साखर रक्तांत येते कोठून. आपण खातों ती भाकरी, भात, चपाती, बटाटा, केळें, हीं सर्व पोटांत पचून त्यांची एका जातीची साखर बनते. तिला ग्लुकोज म्हणतात. ती आंतड्यांतून रक्तांत उतरते व रक्ताबरोबर सर्व शरिरांत फिरते. निरोगी मनुष्याच्या शंभर मिलिलिटर रक्तांत, सकाळीं उपाशीपोटीं, सुमारें ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. प्रौढाच्या अंगांत साधारण ५ लिटर रक्त धरलें, तर एकंदर साखर ४ ते ५ ग्रॅम भरते; म्हणजे चहाचा एक लहान चमचा! एवढ्याशा साखरेवर मेंदूचें काम रात्रंदिवस चाललेलें असतें. ती खर्च होते तशी पुन्हा भरली जाते, व हा जमाखर्च इतका चोख असतो कीं, निरोगी मनुष्यास त्याची कधीं जाणीवही होत नाहीं.

हा जमाखर्च शेतकऱ्यास समजावून सांगणें सोपें आहे. रक्त हा पाट समजा, साखर हें पाटाचें पाणी, आणि शरिरांतील असंख्य पेशी हीं दोन्ही बाजूंचीं शेतें. पाटास पाणी आलें म्हणून तें आपोआप वाफ्यांत जात नाहीं. दारें धरणारा गडी लागतो. शरिरांत हें काम इन्सुलिन नांवाचा रस करितो. जठराच्या मागील बाजूस स्वादुपिंड म्हणून एक अवयव आहे, त्यांत तो तयार होतो. जेवण झालें, पाट भरूं लागला, कीं इन्सुलिन येऊन दारें उघडतें, आणि उरलेलें पाणी यकृताच्या तळ्यांत नेऊन साठवितें. रात्रीं आपण निजलों असतां व पोटांत कांहीं नसतांना हेंच तळें थोडें थोडें पाणी पाटांत परत सोडतें, म्हणून सकाळीं आपण जिवंत उठतों.

मधुमेहांत हा दारें धरणारा गडी नाहींसा होतो, किंवा गडी असतो पण दारेंच गाळानें बसलेलीं असतात आणि त्याच्या एकट्याच्यानें तीं उघडत नाहींत. मग पाट तुडुंब वाहतो, आणि शेतें कोरडींच! मधुमेही मनुष्य पोटभर खाऊनही वाळत कां जातो, हें यावरून ध्यानांत येईल. रक्तांतील साखर सुमारें १८० च्या पलीकडे गेली म्हणजे मूत्रपिंडें ती अडवूं शकत नाहींत. ती लघवींतून बाहेर पडूं लागते, व जातांना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी फार, म्हणून तहान फार, म्हणून थकवा.

हा रोग आपल्या देशास नवा नाहीं. रोग्याची लघवी गोड होते व तिच्याकडे मुंग्या धांवतात, हें आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होतें. सुश्रुतानें तर जन्मतः येणारा व अपथ्यानें होणारा असे त्याचे दोन प्रकारही सांगितले. परंतु मूळ कोठें आहे हें कळण्यास १८८९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मिंकोव्स्की व फॉन मेरिंग या दोघां संशोधकांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून पाहिलें, तों त्यास मधुमेह जडला. पुढें १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो शहरीं बँटिंग व बेस्ट यांनीं, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत, जनावरांच्या स्वादुपिंडांतून तो रस काढला, आणि कॉलिप यांनीं तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तो प्रथम टोंचण्यांत आला. त्या पहिल्या अर्काचा फारसा उपयोग झाला नाहीं; २३ तारखेस अधिक शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां त्याची साखर उतरली. अशीं मुलें त्यापूर्वीं लवकरच मरत असत; हा मुलगा आणखी १३ वर्षें जगला.

या हकीकतींतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं, पण आमच्या पाठास तीच हवी आहे. कॉलिप आपल्या अर्काचा जोर सशांवर अजमावून पाहात. अर्क अधिक झाला कीं सशाची साखर इतकी उतरे कीं त्यास झटके येऊन तो निपचित पडे. आणि ग्लुकोज दिलें कीं थोड्याच मिनिटांत उठून बसे. म्हणजे औषध सिद्ध होत असतांनाच त्याच्या पोटीं असलेलें दुसरें संकट दिसून आलें होतें, आणि त्यावरील उपायही. तो उपाय आजही तोच आहे, आणि तो प्रत्येक घरच्या चुलीजवळच्या डब्यांत आहे.

आणखी एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. हा श्रीमंतांचा, लठ्ठांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, आम्हां कष्टकऱ्यांस तो काय होणार, असें पुष्कळ लोक म्हणतात. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ सालीं "लॅन्सेट" या वैद्यकीय पत्रांत स्वतःचीच दोन चित्रें छापलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु युडकिन यांच्या शरिरांत चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरिरांत २१ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांच्या अंगांत, विशेषतः पोटांत, चरबी लपलेली असूं शकते व ती दारें जाम करिते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज आहे. इतके लोक श्रीमंत असते तर फार बरें झालें असतें.

आतां चढत्या साखरेविषयीं थोडक्यांत सांगतों. उपाशीपोटीं १०० च्या आंत साखर असणें ठीक. १०० ते १२५ म्हणजे सावधगिरीची सूचना. १२६ किंवा त्याहून अधिक, आणि पुन्हा तपासतांही तसेंच, म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी दुसरी एक तपासणी आहे, तींत ६.५ टक्के ही सीमा मानितात. या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत होतात, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकानें एकदां तरी करून घ्यावी. चढत्या साखरेचा कावा असा आहे कीं, ती वर्षानुवर्षें दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणून औषध बंद केलें जातें, आणि तेवढ्या काळांत डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, हृदय व पायांच्या शिरा आंतून खराब होत जातात. पाय बधिर झालेल्या मनुष्यास कांटा मोडलेला कळत नाहीं. जखम कुजूं लागल्यावर वासानें कळतें. म्हणून रोज रात्रीं दिव्याजवळ बसून तळवे पाहावे, अनवाणी चालूं नये, आणि थंडींत पायांस ऊब देण्यासाठीं तापलेली वीट किंवा कढत पाणी कधींही वापरूं नये.

खाण्यापिण्याबद्दल एवढेंच, कीं गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ आहे. "साखर बंद केली, आतां गुळाचा चहा घेतों" असें जो म्हणतो त्यानें कांहींही बंद केलेलें नाहीं. मधाचेंही तसेंच. उपवासाचा साबुदाणा व रताळें हींही पोटांत जाऊन साखरच होतात. भाकरी सोडावी लागत नाहीं. ती मोजून खावी, आणि तिच्याबरोबर उसळ, डाळ, पालेभाजी वाढवावी. कारल्याचा रस व जांभळाच्या बियांची पूड घेणाऱ्यांशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. परंतु तीं घेऊन डॉक्टरची गोळी सोडणें हा जिवाशीं खेळ आहे. बाजारांतील "जडीबुटी"च्या पुड्यांविषयीं तर आम्ही स्पष्टच सांगतों: अशा कित्येक पुड्यांत साखर उतरविण्याच्या इंग्रजी गोळीची पूड गुपचूप मिसळलेली तपासणींत सांपडली आहे. आपण दोन गोळ्या घेत आहों हें रोग्यास ठाऊक नसतें, आणि साखर एकाएकीं तळास जाते.

चढती साखर बहुधा सावकाश मारते, पण नेहमींच नव्हे. ज्या मुलांच्या किंवा तरुणांच्या शरिरांत इन्सुलिन मुळींच उरलें नाहीं, त्यांचें शरीर साखर वापरतां येत नाहीं म्हणून चरबी जाळूं लागतें, आणि त्या जळण्यांतून रक्तांत आम्ल सांचतें. मूल वाळूं लागतें, सारखें पाणी मागतें, बंद झालेलें अंथरूण ओलें करणें पुन्हा सुरू होतें; मग ओकाऱ्या, पोटांत कळा, पिकलेल्या फळासारखा तोंडास वास, आणि खोल, धापा टाकल्यासारखा श्वास. घरचे लोक म्हणतात दृष्ट लागली, किंवा जंत झाले. अशा मुलास त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. म्हाताऱ्या माणसांत आम्ल सांचलें नाहीं तरी ताप किंवा जुलाबाच्या दुखण्यांत साखर ५००-६०० वर चढून, अंगांतील पाणी आटून, ग्लानि येते. त्यांसही तोच नियम.

आतां उतरत्या साखरेकडे वळूं. साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे ती उतरली असें मानावें, आणि ५४ च्या खालीं गेली म्हणजे धोका दारांत आला. ज्यास मधुमेह नाहीं त्यास हें क्वचितच होतें, कारण त्याचें शरीर वेळींच इन्सुलिन थांबवून यकृताच्या तळ्याचें दार उघडतें. परंतु ज्यानें इन्सुलिन टोंचून घेतलें त्याचें इन्सुलिन शरिराच्या आज्ञेंत नसतें; जेवलेला असो वा उपाशी असो, तें आपलें काम करीतच राहातें. कांहीं गोळ्यांचेंही असेंच आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडास पिळून इन्सुलिन काढतात, म्हणून त्यांनीं साखर प्रमाणाबाहेर उतरूं शकते. मेटफॉर्मिन ही गोळी एकटी घेतली असतां सहसा असें होत नाहीं. घरांत मधुमेहाचा रोगी असेल, तर त्याची गोळी यांपैकीं कोणती हें आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांस विचारून घरच्या शिकलेल्या माणसानें लिहून ठेवावें.

समजा, साठीच्या घरांतील एक गृहस्थ आहेत. सकाळीं नियमानें गोळी घेतात. आज पेरणीची घाई, म्हणून गोळी घेऊन नुसत्या कोऱ्या चहावर ते रानांत गेले. न्याहारी मागाहून येणार होती, तिला उशीर झाला. दहाच्या सुमारास त्यांचे हात कांपूं लागले, कपाळास थंड घाम फुटला, छाती धडधडूं लागली, कडकडून भूक लागली. हीं पहिलीं लक्षणें. तीं म्हणजे शरिरानें मारलेली हांक होय. तेव्हांच तोंडांत गुळाचा खडा टाकला असता तर गोष्ट तेथेंच संपली असती. गृहस्थ म्हणाले, एवढी तास संपवूं. अर्ध्या तासानें ते वेडेंवांकडें बोलूं लागले. बैल भलतीकडे वळविले. मुलानें हटकलें तर त्याच्या अंगावर ओरडले, आणि कधीं शिवी न देणाऱ्या तोंडांतून शिवी बाहेर पडली. मेंदूस साखर मिळेनाशी झाली म्हणजे मनुष्य असाच वागतो. बांधावरचे लोक म्हणाले, "आज सकाळींच घेतलेली दिसते!" दुसरे म्हणाले, "वारें आलें अंगांत." न्याहारी घेऊन आलेल्या सुनेनें मात्र ओळखलें. तिनें साखरपाणी केलें व म्हणाली, "मामंजी, हें एवढें पिऊन घ्या." त्यावर मामंजी काय म्हणाले असतील? "मला डॉक्टरांनीं साखर वर्ज्य केली आहे!"

हें शेवटचें वाक्य वाचून हंसूं येईल, पण त्या एका वाक्यानें कित्येकांचा घात होतो. रोग्यास वर्षानुवर्षें सांगितलेलें असतें कीं साखर विष आहे; त्याचा मेंदू त्या वेळीं विचार करण्याच्या स्थितींत नसतो, आणि तें एकच वाक्य तो धरून बसतो. म्हणून ही समजूत तो शुद्धीवर असतांना, बरा असतांना, सर्वांच्या देखत घालून ठेविली पाहिजे: "बाबा, तुम्ही कांपूं लागलांत कीं आम्ही साखर देणार, आणि तुम्ही ती निमूटपणें घेणार."

उपाय असा. चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यांत विरघळवून ताबडतोब पाजावी. लहान मुलास एक ते दोन चमचे पुरतात. साखर नसेल तर लहान लिंबाएवढा गूळ चावून खाण्यास द्यावा, किंवा उसाचा रस द्यावा. पंधरा मिनिटें थांबावें. बरें वाटलें नाहीं, किंवा यंत्रानें मोजून साखर अजून ७० च्या आंतच असली, तर तेवढीच पुन्हा द्यावी. बरें वाटल्यावर, जेवणास अवकाश असेल तर, अर्धी भाकरी किंवा पेलाभर दूध द्यावें, नाहीं तर साखर पुन्हा उतरते. पहिल्या घटकेस मात्र भाकरी, पेढा किंवा दूध उपयोगाचें नाहीं. त्यांतील साखर रक्तांत पोंचण्यास वेळ लागतो, आणि वेळच तर नसतो. ज्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज मिसळलेलें असतें त्या घेणाऱ्यांस घरची साखर लवकर लागू पडत नाहीं. त्यांनीं औषधाच्या दुकानांतून ग्लुकोजची पूड आणून ठेवावी.

आणि रोगी बेशुद्ध असेल, किंवा गिळूं शकत नसेल तर? तर त्याच्या तोंडांत कांहींही ओतूं नये, साखरपाणीही नाहीं. तें श्वासनलिकेंत जाऊन तो गुदमरेल. त्यास कुशीवर वळवून निजवावें, कपडे सैल करावे, आणि १०८ क्रमांकास दूरध्वनि करून रुग्णवाहिका मागवावी, किंवा मिळेल त्या वाहनानें न्यावें. रुग्णालयांत शिरेंतून ग्लुकोज देतात व मनुष्य पुष्कळदां सुई शिरेंत असतांनाच डोळे उघडतो. नाकास कांदा लावणें, चप्पल हुंगविणें, तोंडांत चमचा कोंबणें, अंगाऱ्यासाठीं देवऋषी गांठणें, यांत जीं मिनिटें जातात तीं मेंदूच्या आयुष्यांतून जातात. आणखी एक. इन्सुलिन घेणारा रोगी असा पडला तर "इन्सुलिन कमी पडलें असेल" म्हणून आणखी टोंचणें ही सर्वांत भयंकर चूक होय.

येथें कोणी विचारील कीं, साखर चढली आहे कीं उतरली आहे हें यंत्रावांचून आम्ही कसें ओळखावें? चढती साखर तास-दिवसांनीं येते. तोंड व त्वचा कोरडी, तहान, वारंवार लघवी. उतरती साखर मिनिटांत येते. अंग घामानें ओलें, थरथर, भूक, चिडचीड. तरीही ओळख पटली नाहीं, आणि रोगी इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणारा असून गिळूं शकत असेल, तर साखर द्यावी. ज्याची साखर आधींच ३०० आहे त्यास तीन चमच्यांनीं त्या वेळीं विशेष अपाय होत नाहीं. ज्याची ४० आहे त्याचा जीव त्या तीन चमच्यांवर असतो.

पेरणीच्या या गृहस्थांची कथा साखरपाण्यानें संपली असें मात्र समजूं नये. गोळीचा अंमल दिवसभर, कधीं त्याहूनही अधिक काळ राहातो. विशेषतः ग्लिबेनक्लामाइडचा, आणि त्यांतही मूत्रपिंडें अशक्त झालेल्या म्हाताऱ्यांत. साखर पाजली, उठून बसले, हंसले, आणि दोन तासांनीं झोंपेंतच पुन्हा खालीं गेले, असें घडतें. म्हणून गोळीनें साखर उतरलेल्या वृद्धास बरें वाटलें तरी त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्यावें, एकट्यास निजूं देऊं नये, आणि पुढची गोळी विचारल्यावांचून देऊं नये. अशक्त वृद्धांची साखर कांहीं अंशीं वर राहिली तरी डॉक्टर स्वतःच ती चालवून घेतात, कारण पडून खुबा मोडण्यापेक्षां तें बरें. आकडा शंभरावर आणण्याचा हट्ट मुलांनीं धरूं नये.

साखर उतरण्याचे प्रसंग आमच्या खेड्यांतल्या आयुष्यांत ठरलेले आहेत. ऊसतोडीचा किंवा मळणीचा दिवस हा एक. जड कामानें स्नायू साखर ओढून घेतात, आणि ही ओढ रात्रींपर्यंत चालते. म्हणून दिवसा ठीक असलेला मनुष्य पहाटे घामानें भिजून, भयंकर स्वप्नें पाहून, डोकें धरून उठतो. दारू हा दुसरा. यकृत दारूच्या मागें लागतें व तळ्याचें दार उघडणें विसरतें. वरून तोंडास वास येतो, म्हणून सर्वजण त्यास पिऊन पडला समजून तसाच सोडून देतात. तिसरा प्रसंग उपवासाचा. एकादशी असो, रोजा असो, किंवा आपल्या लेंटच्या दिवसांतील उपास असो, टोंचलेल्या इन्सुलिनला तो कळत नाहीं. अशा रोग्यानें आधीं डॉक्टरांस विचारून औषध बदलून घ्यावें, किंवा उपास करूं नये. आणि उपदेशक बंधूंनीं त्यास तसें उघड सांगावें, म्हणजे त्याच्या मनास टोंचणी राहाणार नाहीं. लग्नाची पंगत दोन वाजेपर्यंत लांबते, उपासना लांबते, बाजाराच्या दिवशीं मोटार चुकते. या सर्व वेळीं खिशांत किंवा पदराच्या गांठीस चार साखरेच्या पुड्या असाव्या. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांचें शरीर हांक मारणेंच सोडून देतें, व तीं माणसें कांपल्या-घामेजल्यावांचून एकदम बेशुद्ध होतात. त्यांस या पुड्यांची सर्वांहून अधिक गरज आहे.

याच्या उलट, आजारपणांत घडणारी एक गोष्ट आहे. ताप आला, जेवण गेलें नाहीं, म्हणून घरचे लोक म्हणतात, "आज पोटांत कांहीं नाहीं, इन्सुलिन नको." ज्या मुलाचें सर्व इन्सुलिन बाहेरूनच येतें, त्याच्या बाबतींत हा विचार उलटा आहे. ताप व पू यांनीं साखर चढते. आणि इन्सुलिन सर्वस्वीं बंद केलें तर एक-दोन दिवसांत वर सांगितलेलें आम्ल सांचतें. प्रमाण कमी-अधिक करणें डॉक्टरांस विचारून करावें, पण सर्वस्वीं बंद करूं नये. पाणी, पेज व सरबत थोडें थोडें चालू ठेवावें, आणि ओकारी थांबेना तर रुग्णालय गांठावें.

शेवटीं कांहीं बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी. यंत्रानें साखर मोजतांना बोट साबणानें धुवून कोरडें करावें. गूळ हाताळलेल्या किंवा आंबा खाल्लेल्या बोटाचा आंकडा भलताच वर येतो, आणि त्या आंकड्यावर इन्सुलिन वाढविलें तर अनर्थ होतो. इन्सुलिनच्या बाटल्याही दोन जोराच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्यें ४० एकक असलेली व १०० एकक असलेली. ४० ची पिचकारी लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलींतून लाल टोपणाच्या पिचकारींत १० च्या रेघेपर्यंत घेतलें, तर अंगांत १० नव्हे, २५ एकक जातात. शहरांतून पाहुण्यानें आणलेली बाटली आणि गांवांतील जुनी पिचकारी यांची गांठ पडते तेव्हां हें घडतें. म्हणून बाटलीवरील आंकडा व पिचकारीवरील आंकडा दरवेळीं जुळवून पाहावा. डोळ्यांस दिसत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावा.

न उघडलेली बाटली शीतपेटींत, २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. गोठलेलें इन्सुलिन फेंकूनच द्यावें लागतें. चालू बाटली घरांत थंड जागीं सुमारें चार आठवडे टिकते. ज्यांच्या घरीं शीतपेटी नाहीं त्यांनीं एका मोठ्या मातीच्या भांड्यांत ओली वाळू भरून तींत लहान मडकें बसवावें, त्या मडक्यांत बाटली कोरड्या डबींत घालून ठेवावी, वर ओलें फडकें टाकावें, आणि सावलींत, वाऱ्याच्या बाजूस ठेवून वाळूस दिवसांतून दोनदां पाणी शिंपडावें. नितळ असावयाचें इन्सुलिन गढूळ दिसलें, किंवा दुधाळ जातीच्या इन्सुलिनमध्यें हलविल्यावरही गुठळ्या राहिल्या, तर ती बाटली वापरूं नये व आरोग्य केंद्रांत दाखवून दुसरी मागून घ्यावी.